न्यूट्रिनोविना होणारा क्षय कधी दिसेल का?

वाचकांचे प्रश्न, विज्ञानाची उत्तरे

अणुकेंद्रकांच्या अतिदुर्मीळ क्षयांविषयी आणि ते शोधण्यासाठी उभ्या राहणाऱ्या नव्या प्रयोगांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील सहा प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही पत्रांचा आशय एकत्र केला आहे.

प्रश्न : एका केंद्रकाचे अर्धायुष्य एकावर २६ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक आहे, असे वाचनात आले. विश्वाचे वय तर जेमतेम १३८० कोटी वर्षे आहे. मग हे अर्धायुष्य मोजले कोणी आणि कसे? की हा केवळ अंदाज आहे? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : हा अंदाज नाही. मात्र ज्याला आपण मोजलेले अर्धायुष्य समजत आहात ती प्रत्यक्षात एक सीमा आहे, आणि हा फरक बातम्यांमध्ये बहुधा हरवतो.

अर्धायुष्य म्हणजे साठ्यातील निम्म्या केंद्रकांचा क्षय व्हायला लागणारा काळ. केंद्रकाला म्हातारपण नसते. ते कालच तयार झालेले असो किंवा पृथ्वीइतके जुने असो, पुढच्या वर्षभरात त्याचा क्षय होण्याची शक्यता तेवढीच राहते. त्यामुळे दीर्घ अर्धायुष्य मोजण्यासाठी तेवढी वर्षे वाट पाहावी लागत नाही. पुरेशी केंद्रके एकत्र आणून त्यांच्याकडे काही वर्षे लक्ष ठेवले की पुरते. जर्मेनियम-७६ या समस्थानिकाच्या एका टनात ७.९ गुणिले १०चा २७वा घात इतकी केंद्रके असतात. एखाद्या क्षयाचे अर्धायुष्य १०चा २६वा घात इतकी वर्षे असेल, तर त्या टनभर साठ्यात वर्षाला सुमारे ५५ क्षय घडतील. तेच अर्धायुष्य १०चा २८वा घात असेल, तर दोन वर्षांत एखादा क्षय घडेल. वर्षभर डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि अपेक्षित ५५पैकी एकही क्षय दिसला नाही, तर अर्धायुष्य त्याहून मोठे आहे असे ठामपणे म्हणता येते. ‘२६ शून्यांहून अधिक’ या विधानाचा अर्थ एवढाच आहे.

प्रत्यक्ष मोजलेली अर्धायुष्येही काही कमी थक्क करणारी नाहीत. इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत कृष्णद्रव्याच्या शोधासाठी बांधलेल्या झेनॉन-१टी या उपकरणाने २०१९मध्ये झेनॉन-१२४चा क्षय पकडला. या क्षयात केंद्रक स्वतःच्याच अणूतील दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी गिळते. त्याचे अर्धायुष्य आरंभी १.८ गुणिले १०चा २२वा घात इतकी वर्षे सांगितले गेले, आणि त्याच गटाच्या अधिक काटेकोर विश्लेषणानंतर ते १.१ गुणिले १०चा २२वा घात असे दुरुस्त झाले. म्हणजे विश्वाच्या वयाच्या जवळजवळ लाख कोटीपट कालावधी मानवाने काही वर्षांच्या निरीक्षणातून मोजला आहे, तोही वेगळ्याच कामासाठी बांधलेल्या यंत्राने.

प्रश्न : ‘न्यूट्रिनोविरहित द्वि-बीटा क्षय’ सापडला तर भौतिकशास्त्र बदलेल, असे म्हणतात. एखादा कण बाहेर न पडण्याला एवढे महत्त्व का? (पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : साध्या बीटा क्षयात केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन व एक प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या अतिशय हलक्या, विद्युतभार नसलेल्या कणाचा प्रतिकण) बाहेर पडतात. काही केंद्रकांना ही वाट ऊर्जेच्या हिशेबाने बंद असते. जर्मेनियम-७६च्या शेजारचे आर्सेनिक-७६ हे त्याच्यापेक्षा जड आहे, त्यामुळे एक पायरी चढणे अशक्य असते. पण त्यापलीकडचे सेलेनियम-७६ हलके असल्याने दोन न्यूट्रॉन एकदम बदलले तर मार्ग मोकळा होतो. निसर्गात असे ३५ समस्थानिक आहेत. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३५मध्ये या दुहेरी क्षयाचे गणित मांडले आणि त्याचे अर्धायुष्य १०च्या १७व्या घाताहून अधिक वर्षे असेल असे दाखवले. प्रयोगशाळेत तो प्रत्यक्ष दिसण्यासाठी १९८७ साल उजाडावे लागले; कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील मायकेल मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सेलेनियम-८२मध्ये टिपला.

या क्षयात दोन इलेक्ट्रॉनांसोबत दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. आपला प्रश्न त्याच्या दुसऱ्या, अद्याप न दिसलेल्या रूपाविषयी आहे. एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७मध्ये असे सुचवले की विद्युतभार नसलेला न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण असू शकेल. तसे असेल, तर एका न्यूट्रॉनने सोडलेला प्रतिन्यूट्रिनो दुसऱ्या न्यूट्रॉनने न्यूट्रिनो म्हणून केंद्रकाच्या आतच शोषून घेणे शक्य होते, आणि बाहेर फक्त दोन इलेक्ट्रॉन पडतात. वेंडेल फरी यांनी १९३९मध्ये ही शक्यता तपासली. अशा घटनेत पदार्थाचे दोन कण निर्माण होतात, पण त्यांचा हिशेब पुरा करणारे प्रतिकण निर्माण होत नाहीत. आपण ज्याला लेप्टॉन संख्या म्हणतो तिची अक्षय्यता तेथे मोडते.

विश्वाच्या आरंभी पदार्थ आणि प्रतिपदार्थ समसमान असते, तर दोन्ही एकमेकांना नष्ट करून गेले असते. पदार्थ थोडा अधिक कसा उरला, याचे जे स्पष्टीकरण अनेक सिद्धांतकारांना सर्वाधिक विश्वासार्ह वाटते, ते न्यूट्रिनो हा मायोराना कण असण्यावरच उभे आहे. न्यूट्रिनोंचे वस्तुमान इतके विलक्षण अल्प का, याचे एक नैसर्गिक उत्तरही तेथूनच निघते. जोसेफ शेख्टर आणि होजे व्हाये यांनी १९८२मध्ये दाखवले की हा क्षय कोणत्याही यंत्रणेने घडला, तरी तो घडणे हाच न्यूट्रिनो मायोराना प्रकारचा असल्याचा पुरावा ठरतो. म्हणून केवळ दोन इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या ऊर्जेची अचूक बेरीज, एवढ्यासाठी शेकडो शास्त्रज्ञ आयुष्याची दोन-तीन दशके देतात, आणि ती देण्याजोगी आहेत असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मग पुढच्या प्रयोगांत हा क्षय सापडण्याची शक्यता खरोखर किती आहे? केवळ अधिक टन पदार्थ जमवून काम होईल का? (अभियंता, पुणे, याच आशयाची आणखी पत्रे)

उत्तर : नुसत्या टनांनी होणार नाही, आणि या सदरात एकच मुद्दा ठसवायचा असेल तर तो हाच आहे.

आधी आजची स्थिती. जपानमधील कामिओका खाणीतील कॅमलँड-झेन या प्रयोगाने सिंटिलेटर द्रवात, म्हणजे कण आरपार गेल्यास क्षीण प्रकाश देणाऱ्या तेलासारख्या द्रवात, ७४५ किलोग्रॅम समृद्ध, म्हणजे हव्या त्या समस्थानिकाचे प्रमाण वाढवलेले, झेनॉन विरघळवले आणि झेनॉन-१३६च्या न्यूट्रिनोविरहित क्षयाचे अर्धायुष्य ३.८ गुणिले १०चा २६वा घात वर्षांहून अधिक असल्याचे दाखवले. जर्मेनियम वापरणाऱ्या गेर्डा प्रयोगाने २०२०मध्ये १.८ गुणिले १०चा २६वा घात ही सीमा गाठली. पुढच्या पिढीचे उद्दिष्ट १०चा २८वा घात हे आहे. त्यासाठी ग्रान सासो येथे लेजंड-१००० या नावाने एक टन समृद्ध जर्मेनियमच्या प्रयोगाची आखणी झाली आहे. तेथेच, आज टेल्युरियमचे स्फटिक वापरणाऱ्या क्युओरे प्रयोगाच्या शीतपात्रात, मॉलिब्डेनम-१०० असलेले स्फटिक ठेवण्याची क्युपिड ही योजना आहे. कॅमलँडचे सुधारित रूप टनभर झेनॉन घेऊन २ गुणिले १०चा २७वा घात वर्षांपर्यंत पोहोचू पाहते, तर पाच टन द्रव झेनॉनचा एनएक्सओ हा प्रस्तावही मांडलेला आहे.

आता वर सांगितलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. टनभर जर्मेनियममध्ये दोन प्रतिन्यूट्रिनो सोडणारा नेहमीचा दुहेरी क्षय वर्षाला सुमारे २७ लाख वेळा घडतो, आणि आपण शोधतो ती घटना कदाचित दोन वर्षांत एकदा घडते. दोहोंमध्ये फरक एकच आहे. नेहमीच्या क्षयात ऊर्जेचा काही वाटा प्रतिन्यूट्रिनो घेऊन जातात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची बेरीज नेहमी कमी भरते. न्यूट्रिनोविरहित क्षयात ती बरोबर २०३९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. जर्मेनियमचे शोधक, म्हणजे कण टिपणारी उपकरणे, ही ऊर्जा अडीच किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अचूकतेने मोजतात, म्हणून नेहमीचे लाखो क्षय त्या अरुंद खिडकीबाहेर राहतात. सिंटिलेटर द्रवाची खिडकी सुमारे शंभरपट रुंद असते. द्रवात टनावारी पदार्थ सहज मिसळता येतो हा त्याचा मोठा गुण आहे, परंतु त्याची किंमत अशी चुकवावी लागते.

ऊर्जेच्या त्या खिडकीत इतर काहीही शिरू नये, हे याहून अवघड आहे. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण, येऊन आदळतो. ग्रान सासोच्या माथ्यावरील १४०० मीटर खडक हा वर्षाव सुमारे दहा लाखपट कमी करतो. पण खडकात स्वतःचे युरेनियम आणि थोरियम असते, शिशात असते, तारांत आणि खिळ्यांत असते. प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियमचेच दर सेकंदाला चार हजारांहून अधिक क्षय होतात. युरेनियमच्या साखळीतील बिस्मथ-२१४ हा २४४८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतो आणि झेनॉन-१३६चा शोध २४५८ वर चालतो. हा दहा एककांचा शेजार झेनॉनवाल्यांना कायमचा त्रासाचा आहे. म्हणून तांबे भूगर्भातच विद्युतविलेपनाने वाढवले जाते, जेणेकरून विश्वकिरणांनी त्यात कोबाल्ट तयार होऊ नये. क्युओरे प्रयोगाने तर सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या रोमन जहाजातील शिसे कवच म्हणून वापरले. ते दोन हजार वर्षे समुद्रतळाशी पडून असल्याने त्यातील शिसे-२१०, ज्याचे अर्धायुष्य फक्त २२ वर्षे आहे, केव्हाच संपून गेले आहे.

याचा गणिती परिणाम फार महत्त्वाचा आहे. खिडकीत बाहेरच्या घटना मुळीच नसतील, तर पदार्थाचे वस्तुमान आणि निरीक्षणाचा काळ यांचा गुणाकार दहापट केल्यावर प्रयोगाची पोहोचही दहापट होते. बाहेरच्या घटना मिसळत राहिल्या, तर तीच दहापट मेहनत पोहोच जेमतेम तिप्पट करते. लेजंड-१०००ने म्हणूनच असे लक्ष्य ठेवले आहे की टनभर जर्मेनियममध्ये, शोधाच्या खिडकीत, दहा वर्षांत मिळून सरासरी पाव घटनाही बाहेरची नसावी. हे जमले, तर तीन-चार घटनांनाही अर्थ येईल. झेनॉनच्या बाबतीत आणखी एक सुंदर मार्ग खुला आहे. क्षयानंतर झेनॉनचे बेरियम होते. तो एकुलता एक बेरियम आयन टनभर झेनॉनमधून ओळखता आला, तर त्या जागी द्वि-बीटा क्षय झाला याबद्दल शंका उरणार नाही, आणि गॅमा किरणांची सारी गर्दी एका फटक्यात बाद होईल. स्पेनमधील कानफ्रांक येथे काम करणारा नेक्स्ट हा गट आणि एनएक्सओचे संशोधक यांनी एकेक आयन पाहण्याच्या तंत्रात चांगली प्रगती केली आहे, मात्र पूर्ण आकाराच्या शोधकात ते बसवणे अद्याप व्हायचे आहे.

आता शक्यतेविषयी. ती अखेर न्यूट्रिनोंच्या वस्तुमानावर ठरते. न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हे सुपर-कामिओकांडे आणि सडबरी येथील प्रयोगांनी सिद्ध केले आणि त्यासाठी ताकाकी काजिता व आर्थर मॅक्डोनाल्ड यांना २०१५चे नोबेल मिळाले. पण तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, हे अजून निश्चित नाही. क्रम उलटा असेल, म्हणजे दोन जड आणि एक हलका, तर या क्षयाला चालना देणारे, तिन्ही वस्तुमानांच्या मिश्रणातून ठरणारे ‘परिणामी वस्तुमान’ (कणांचे वस्तुमान ऊर्जेच्याच एककात सांगतात) साधारण १८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली जाऊ शकत नाही. न्यूट्रिनो मायोराना प्रकारचा असेल आणि क्रम उलटा असेल, तर लेजंड-१०००सारख्या प्रयोगांना तो दिसण्याची रास्त अपेक्षा ठेवता येते. क्रम सरळ असेल, तर मात्र ते वस्तुमान फारच लहान, दुर्दैवाने जवळजवळ शून्यही, असू शकते. क्षयाचा दर या वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून दहापट लहान वस्तुमानासाठी शंभरपट दीर्घ अर्धायुष्य गाठावे लागते. न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलतात ते मोजणाऱ्या आजवरच्या आंदोलन-प्रयोगांचा कल सरळ क्रमाकडे थोडासा झुकलेला आहे, पण तो निर्णायक नाही.

अर्धायुष्यावरून वस्तुमान काढताना केंद्रकाच्या रचनेचे जे गणित करावे लागते, तेही निरनिराळ्या पद्धतींनी दोन-तीनपट वेगळे येते. कॅमलँड-झेनने आपली सीमा २८ ते १२२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी ऐसपैस दिली आहे ती त्यामुळेच. माझे मत विचाराल तर पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हा क्षय सापडण्याची आशा वास्तविक आहे, पण ती हमी नाही. आणि जो कोणी हमी देतो, तो वस्तुमानाच्या क्रमाचा प्रश्न बाजूला ठेवतो. समृद्ध समस्थानिकांचा पुरवठा हीदेखील खरी अडचण आहे. ते पूर्वी प्रामुख्याने रशियातील सेंट्रिफ्यूजमधून येत. २०२२नंतर ती वाट अवघड झाली.

प्रश्न : २००१मध्येच हा क्षय सापडल्याची बातमी आली होती ना? मग अजून शोध कसला? (वाचक, बेळगाव)

उत्तर : होय, असा दावा झाला होता. ग्रान सासो येथील हायडेलबर्ग–मॉस्को प्रयोगात सुमारे ११ किलोग्रॅम समृद्ध जर्मेनियम होते. त्या गटातील काही सदस्यांनी, हान्स क्लापडोर-क्लाइनग्रोटहाउस यांच्या नेतृत्वाखाली, २०३९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक लहानसा उंचवटा दिसल्याचे प्रसिद्ध केले. गटातील इतर सदस्य सहमत नव्हते. त्याच जर्मेनियमवर चालणाऱ्या, पण कित्येक पटींनी स्वच्छ अशा गेर्डा प्रयोगाने २०१३मध्ये तेथे काही आढळत नसल्याचे सांगितले आणि पुढच्या सात वर्षांत आपली सीमा दाव्यातील मूल्याच्या कितीतरी पुढे नेली.

या प्रकरणामुळेच मी एका समस्थानिकावर विसंबून राहण्याच्या विरुद्ध आहे. एका ऊर्जेवरचा उंचवटा हा एखाद्या अनोळखी अशुद्धीचाही असू शकतो. जर्मेनियम, झेनॉन, टेल्युरियम आणि मॉलिब्डेनम यांत, चार वेगळ्या ऊर्जांवर, परस्परांशी जुळणारे दर दिसले तरच शंका संपते. निधी देणाऱ्या संस्थांना एकच सर्वोत्तम प्रयोग निवडावासा वाटणे समजण्यासारखे आहे, पण या विषयात तसे करणे धोक्याचे ठरेल.

प्रश्न : चीनमधील जुनोसारख्या प्रचंड न्यूट्रिनो शोधकांत हाच शोध घेता येणार नाही का? आणि प्रोटॉनचा क्षय शोधतात तो हाच का? (दोन पत्रे एकत्र)

उत्तर : घेता येईल, आणि तशी तयारीही चालू आहे. ग्वांगडोंग प्रांतात, जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर असलेल्या जुनोने २६ ऑगस्ट २०२५ रोजी नोंदी घेण्यास प्रारंभ केला. ३५.४ मीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिक गोलात २०,००० टन सिंटिलेटर द्रव आणि भोवती १७,०००हून अधिक मोठ्या प्रकाशनलिका, असे हे यंत्र आहे. त्याचे पहिले काम अणुभट्ट्यांतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंवरून वस्तुमानांचा क्रम ठरवणे हे आहे, म्हणजे वरच्या उत्तरातील कळीचा प्रश्न कदाचित तेच सोडवील. त्यानंतर त्या द्रवात अनेक टन झेनॉन किंवा टेल्युरियम मिसळण्याचा विचार आहे. कॅनडातील एसएनओ+ हा प्रयोग याच वाटेने आधीच निघाला आहे. दोन किलोमीटर खोल खाणीतील १२ मीटरच्या गोलात ७८० टन द्रव भरलेले असून, त्यात ३.९ टन नैसर्गिक टेल्युरियम मिसळण्याची योजना आहे. टेल्युरियमचा ३४ टक्के भाग मुळातच टेल्युरियम-१३० असल्याने समृद्धीकरणाचा खर्च वाचतो आणि सुमारे १.३ टन उपयुक्त पदार्थ मिळतो.

अशा टाक्यांची मर्यादा सूर्य ठरवतो. सूर्यातील बोरॉन-८पासून येणारे न्यूट्रिनो द्रवातील इलेक्ट्रॉनांना धक्का देतात, आणि कोणतेही कवच त्यांना अडवू शकत नाही. टाकी जितकी मोठी, तितक्या या घटना अधिक. धक्का खाल्लेल्या इलेक्ट्रॉनाची दिशा ओळखून त्या वेगळ्या काढता येतील का, यावर थिया या प्रस्तावित शोधकाचे बरेच काम आधारलेले आहे.

प्रोटॉनचा क्षय ही निराळी गोष्ट आहे. तेथे लेप्टॉन संख्येबरोबर बॅरिऑन संख्याही, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांचा हिशेबही, मोडते, आणि ऊर्जा जवळजवळ चारशेपट मोठी असते. सुपर-कामिओकांडेने पॉझिट्रॉन आणि पायॉन देणाऱ्या प्रोटॉन-क्षयाची सीमा २.४ गुणिले १०चा ३४वा घात वर्षे इतकी पुढे नेली असून, जपानमध्येच उभा राहत असलेला हायपर-कामिओकांडे ती आणखी पुढे नेईल.

प्रश्न : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या विषयावर काही काम होते का? (पालक, ठाणे)

उत्तर : होते. मुंबईतील कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिन-१२४, म्हणजे कथिलाच्या एका समस्थानिकावर शोधक बांधण्याची तयारी केली गेली आहे. अतिशीत कथिलाच्या तुकड्यात क्षय झाला की त्याचे तापमान किंचित वाढते. ती वाढ मोजून ऊर्जा ठरवायची, अशी ही पद्धत आहे. टिन-१२४चे प्रमाण नैसर्गिक कथिलात सहा टक्क्यांहूनही कमी असल्याने समृद्धीकरण अटळ आहे, आणि पदार्थांतील सूक्ष्म किरणोत्सार मोजण्याचे बरेच काम या निमित्ताने झाले आहे. हा शोधक तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात नियोजित असलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेत ठेवायचा होता. परंतु राज्य सरकार आणि स्थानिक लोकांचा विरोध, तसेच पर्यावरणविषयक परवानग्यांचा वाद यांमुळे ती वेधशाळा रखडली आहे. पाणी, जंगल आणि डोंगर यांविषयीच्या स्थानिक शंकांना आरंभीच मोकळेपणाने उत्तरे द्यायला हवी होती, असे मला वाटते. खोल भूमिगत जागेशिवाय हा प्रयोग होऊच शकत नाही. ज्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो जगात प्रथम टिपणाऱ्या प्रयोगांपैकी एक झाला, आणि पुढे त्याच खाणीत प्रोटॉन-क्षयाचाही शोध घेतला गेला, त्या देशाकडे आज तेवढ्या खोलीवर चालू असलेली प्रयोगशाळा नाही. झारखंडमधील जादुगोडा येथील युरेनियम खाणीत ५५५ मीटरवर एक लहान प्रयोगशाळा आहे. काही तपासण्यांसाठी ती उपयोगी आहे, परंतु टनभर शोधकासाठी ती पुरणार नाही.

आपल्या मुलीला या विषयात रस असल्याचे आपण लिहिले आहे. तिने पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी टाटा संस्थेची प्रवेश परीक्षा अवश्य द्यावी, आणि तोवर केंद्रकीय भौतिकीइतकेच लक्ष अतिशीत तंत्रज्ञानाकडे व संख्याशास्त्राकडे द्यावे. दोन-चार घटनांवरून निष्कर्ष काढणाऱ्या या प्रयोगांत शेवटचा शब्द बहुतेक वेळा संख्याशास्त्राचाच असतो.